झाकण घट्ट, शिट्टी चालू: प्रेशर केगमध्ये बिअर आणि सायडर कशी आंबते, कशी निवळते

घरी बिअर करायला शिकणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो असा: आंबणाऱ्या भांड्याचं तोंड घट्ट बंद करू नका. गॅस कोंडला की बाटली फुटते, काच उडते. म्हणून झाकणाला पाण्याचा एअरलॉक लावायचा आणि त्यातून बुडबुडे जाऊ द्यायचे. मग काही महिन्यांनी तोच माणूस बघतो, की मुरलेली मंडळी स्टीलच्या बंद केगमध्ये, म्हणजे पिंपात, दाब मोजणारं गेज लावून मुद्दाम दाबाखाली बिअर आंबवतायत, आणि त्यांच्या ग्लासातली बिअर काचेसारखी नितळ आहे. आता खरं कोणाचं?

दोघांचंही. दाब कोंडणं धोक्याचं आहे, पण दाब राखणं धोक्याचं नाही. हा फरक आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसतो. कुकरचं झाकण घट्ट असतं, तरी तो फुटत नाही, कारण ठरावीक दाबाला शिट्टी उचलली जाते.

## आधी कायद्याचं

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. त्यात घरची बिअर आणि सायडरही (आंबवलेला सफरचंदाचा रस) आली, स्वतःपुरती केली तरी. मायक्रोब्रुअरीत काचेआड दिसणाऱ्या टाक्यांमागे परवाना असतो. इंग्लंडमध्ये घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरच्या वापरासाठी एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २०० गॅलनची मोकळीक मिळाली. विकायची मात्र नाही. पुढची कृती अशा देशांत राहणाऱ्या वाचकांसाठी आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला तिचा उपयोग टाक्यांमध्ये काय चालतं ते समजून घेण्यापुरता.

## यीस्ट गॅस करतं तरी किती?

यीस्ट साखर खातं आणि जवळपास समान वजनाच्या दोन गोष्टी बाहेर टाकतं: मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड. माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, गोड पाण्याला वर्ट म्हणतात. पाच टक्के मद्यार्काची बिअर करायची तर १५ लिटर वर्टमधून साधारण ५६० ग्रॅम, म्हणजे सुमारे ३०० लिटर गॅस निघतो. द्रवाच्या वीसपट!

बिअर फसफशीत लागायला त्यातला किती लागतो? लिटरमागे अडीच लिटर गॅस विरघळला की पुरे. १५ लिटरला साडेसदतीस लिटर, म्हणजे एकूण गॅसचा आठवा हिस्सा. साध्या बादलीत सगळाच गॅस एअरलॉकमधून उडून जातो, आणि मग आपण सिलिंडर विकत आणून तोच गॅस पुन्हा बिअरमध्ये भरतो. केगमध्ये आंबवण्यामागचा विचार इतकाच, की हा फुकटचा गॅस वाया घालवायचा नाही.

मग सगळाच कोंडून ठेवला तर? हिशोब मांडला तर दाब १५ बारच्या वर जातो (बार हे दाबाचं माप, १ बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा). घरगुती वापरातला कॉर्नेलियस केग ९ बारपर्यंतचा असतो. म्हणून शिट्टी हवीच.

## कुकरशी साम्य कुठवर?

कॉर्नेलियस केग हा मूळचा शीतपेयांच्या सिरपचा १९ लिटरचा उभा स्टीलचा डबा. पेप्सी-कोकवाल्यांनी सिरप पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या पिशव्यांमधून द्यायला सुरुवात केल्यावर हे डबे स्वस्तात बाजारात आले आणि घरी बिअर करणाऱ्यांनी उचलले. त्याचं लंबगोल झाकण आतून वर येऊन बसतं, हॉकिन्सच्या कुकरसारखं. आत दाब असला की झाकण आणखी घट्ट बसतं आणि उघडता येत नाही. पण दाब अगदी कमी असला तर कडेने फुसफुसतं, जसा वाफ धरण्याआधी कुकर फुसफुसतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

वर दोन तोंडं असतात. एकाखाली आखूड नळी, ती गॅसची. दुसऱ्याखाली तळापर्यंत जाणारी लांब नळी, ती बिअरची. गॅसच्या तोंडाला जी शिट्टी लावायची तिला स्पंडिंग व्हॉल्व्ह म्हणतात. जर्मन भाषेत पिंपाच्या बुचाला ‘श्पुंड’ म्हणतात, त्यावरून हे नाव. कुकरच्या शिट्टीचं वजन ठरलेलं असतं. इथे स्प्रिंगवरचा स्क्रू फिरवून दाब आपण ठरवतो आणि शेजारच्या गेजवर वाचतो. गेजवर बहुधा पीएसआय (चौरस इंचामागे पौंड) छापलेलं असतं. १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. घरचा कुकर शिट्टी देतो तेव्हा आत साधारण १ बार दाब असतो, आणि बिअरही जवळपास तेवढ्याच दाबाखाली आंबवतात.

या सगळ्यात बिघडण्यासारखी मुख्य गोष्ट एकच. आंबताना वर येणारा चिकट फेस शिट्टीत शिरतो, सुकतो आणि ती तुंबते. गेज मुकाट वर चढत राहतं. म्हणून १९ लिटरच्या केगमध्ये बिअर १५ लिटरच भरायची, फेस मारणारे सिमेथिकोनचे थेंब बाटलीवरच्या मात्रेने टाकायचे आणि पहिले तीन दिवस गेज दिवसातून दोनदा बघायचं. फेस शिरलेला दिसला तर व्हॉल्व्ह काढून धुवा, परत लावा. केगच्या झाकणावरची सुरक्षा झडप आधी हाताने ओढून बघा, ती मोकळी उघडली पाहिजे. काचेच्या भांड्याला दाब कधीच द्यायचा नाही, एकदाही नाही. पारदर्शक पीईटी प्लास्टिकची दाबाची भांडी मिळतात, पण त्यांची मर्यादा कमी असते (अनेकांवर २.४ बार छापलेलं असतं) आणि कढत पाण्याने धुतली की ती कमकुवत होतात.

## पण दाब हवाच कशाला?

खरं कारण म्हणजे हवा, तिच्यातला ऑक्सिजन. सफरचंद कापून ठेवलं की तांबूस पडतं. तयार बिअरला ऑक्सिजन लागला की तेच होतं: रंग काळवंडतो, हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) ताजा वास जातो, पुढे ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. बादलीतून केगमध्ये ओतताना, थंड करताना, झाकण उघडून बघताना दर वेळी थोडी हवा शिरते. साध्या बादलीत तर थंड केल्यावर आतला गॅस आक्रसतो आणि एअरलॉकमधून बाहेरची हवा, कधी पाणीसुद्धा, आत ओढलं जातं. केगमध्ये दाब राखला तर तो नेहमी आतून बाहेर असतो. हवेला वाट मिळतच नाही.

दुसरा फायदा लागर, म्हणजे थंडीत आंबवायची बिअर, करणाऱ्यांना. लागर १० ते १२ अंशांवर आंबवायची असते, कारण त्याहून गरम ठेवली की यीस्ट फळांसारखे वास सोडतं. विरघळलेला गॅस यीस्टची वाढ आवरतो आणि हे वासही कमी होतात. त्यामुळे १ बार दाबाखाली लागर १८ ते २० अंशांवर आंबवली तरी स्वच्छ लागते, आणि आठ-दहा दिवसांत आंबून होते. थंडीत महिनाभर मुरलेल्या लागरची बरोबरी ती करते असं मी म्हणणार नाही, पण फ्रिजमध्ये जागा नसलेल्या घरासाठी ही मोठी सोय आहे. उलट, जर्मन गव्हाच्या बिअरला केळ्यासारखा वास हवाच असतो. ती दाबाखाली आंबवू नका, तिचा जीवच जातो.

## पंधरा लिटर लागर, पहिल्या दिवसापासून

केग जुना असेल तर सगळ्या रबरी ओ-रिंग बदला. जुन्या रिंगांत सिरपचा वास मुरलेला असतो. मग २ बार गॅस भरून सांध्यांवर साबणाचं पाणी शिंपडा. जिथे बुडबुडे, तिथे गळती. जंतुनाशकासाठी ब्लीच वापरू नका, क्लोरीन स्टीलला खातं. फॉस्फोरिक आम्लाचं, न धुता चालणारं द्रावण त्यासाठीच मिळतं.

थंड केलेला वर्ट केगमध्ये ओता आणि जोरात हलवा. संपूर्ण कामात ऑक्सिजन फक्त याच वेळी हवा असतो, कारण यीस्टला संख्या वाढवायला तो लागतो. डब्ल्यू-३४/७० सारख्या कोरड्या लागर यीस्टची साडेअकरा ग्रॅमची दीड ते दोन पाकिटं टाका. झाकण लावून थोडा गॅस द्या, म्हणजे ते जागेवर बसेल. शिट्टी ०.२ ते ०.३ बारवर ठेवा. दीड दिवसाने यीस्टची वाढ झाली की १ बारवर न्या.

शेवट कधी आला ते हायड्रोमीटर सांगतो. त्यावरचा आकडा म्हणजे पाण्याच्या मानाने द्रव किती जड आहे. साखर असताना १.०४८, संपल्यावर १.०१० च्या आसपास. दाबाखालचा नमुना पेल्यात ओतून ढवळा, बुडबुडे जाऊ द्या, नाहीतर तेच हायड्रोमीटरला वर उचलतात आणि आकडा खोटा येतो. शेवटच्या आकड्याच्या पाच-सहा अंक अलीकडे, म्हणजे १.०१५ ला, शिट्टी सुमारे २ बारवर (२८ पीएसआय) आवळा. इथून पुढचा प्रत्येक अंक लिटरमागे साधारण अर्धा लिटर गॅस देतो. सिलिंडर न लावता बिअर फसफशीत होते.

दोन-तीन दिवसांच्या अंतराने आकडा तोच आला की आंबणं संपलं. तरी लगेच थंड करू नका. थोडा नमुना झाकून ६० अंशांवर वीस मिनिटं ठेवा आणि हुंगा. बटर लावलेल्या पॉपकॉर्नचा वास आला तर यीस्टचं काम बाकी आहे. तीन दिवस तसंच राहू द्या, यीस्ट तो वास स्वतःच खाऊन टाकतं.

## थंड केल्यावर दाब कुठे गेला?

केग फ्रिजमध्ये ठेवला की गेज २ बारवरून खाली येऊ लागतं आणि लोक घाबरून गळती शोधतात. बहुतेक वेळा गळती नसते. गोटी सोड्याची बाटली उन्हात ठेवली तर फोडताना उसळते, बर्फातली नुसती फुस्स करते. गॅस तेवढाच असतो, पण थंड द्रवात तो जास्त मावतो, म्हणून वरचा दाब उतरतो. २० अंशांवर २ बारला जेवढा गॅस विरघळतो तेवढाच ४ अंशांवर ०.८ बारला. ओढायलाही ०.८ बारच लागतो.

खरी भीती दुसरी आहे. दाब शून्याजवळ गेला तर केगच्या त्या कुकरसारख्या झाकणाची पकड सुटते आणि हवा आत जाते. कमी दाबाखाली आंबवलेली बिअर थंड करताना हे सहज होतं. तेव्हा सिलिंडरमधून थोडा गॅस द्या.

## बिअर गढूळ का राहते?

गढूळपणा एका जातीचा नसतो, आणि उपाय करण्याआधी जात ओळखावी लागते. यीस्ट तरंगत असेल तर थंडी आणि वेळ पुरतात. ग्लास गरम झाल्यावर बिअर आपोआप नितळ होत असेल तर तो थंडीचा धुरकटपणा: माल्टमधली प्रथिनं आणि टॅनिन थंडीत एकमेकांना धरतात. पिष्ट राहिलंय का ते बघायला पेल्यातल्या नमुन्यात आयोडीनचा थेंब टाका. पिष्ट असेल तर शाळेतल्या बटाट्याच्या प्रयोगासारखा निळा-काळा रंग येईल. तो नमुना फेकून द्या. पिष्टाचा दोष माल्ट भिजवतानाचा असतो, केगमध्ये तो निघत नाही.

बारीक कण खाली बसायला वेळ का लागतो? कणाचा व्यास दुप्पट झाला तर तो चौपट वेगाने बुडतो. यीस्टची एकटी पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान, ती रेंगाळते. दहा-वीस पेशींचा गोळा झाला की झरझर बसते. म्हणून निवळण्याची सगळी युक्ती कण एकमेकांना चिकटवण्यात आहे.

आपल्याकडे पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात. चिखलाच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटी धनभार आणते, कण चिकटतात, साका बसतो. बिअर आम्लधर्मी असते, तिच्यात हेच काम जिलेटिन करतं. १५ लिटरला अर्धा चहाचा चमचा, म्हणजे २ ते ३ ग्रॅम, बिनचवीचं जिलेटिन १०० मिलिलिटर गार पाण्यात दहा मिनिटं फुगू द्या. मग हळूहळू ६५ ते ७० अंशांपर्यंत तापवा. उकळलं तर त्याचे लांब धागे तुटतात आणि ते निकामी होतं. बिअर आधी १ ते ३ अंशांवर एक दिवस ठेवलेली असली पाहिजे, कारण थंडीचा धुरकटपणा थंडीत तयार झाल्याशिवाय जिलेटिन त्याला पकडणार कसं?

केगमध्ये ते घालायचं कसं, इथे बरेच जण फसतात. सोड्यात मीठ टाकल्यावर काय होतं ते आठवा. फसफशीत बिअरचा केग उघडून आत काही टाकलं, मग ते जिलेटिन असो की हॉप्सच्या गोळ्या, की फेसाचं कारंजं उडतं. त्यापेक्षा जिलेटिनचं पाणी सोड्याच्या लहान प्लास्टिक बाटलीत भरा, पिळून हवा काढा, केगला जोडता येणारं झाकण लावा, बाटलीत केगपेक्षा जास्त दाब भरा आणि ती उलटी धरून आखूड नळीने, गॅसच्या तोंडातून, पाणी आत ढकला. दोन-तीन दिवसांत फरक दिसतो.

जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. ते बहुतेक साक्यात बसतं, तरी शाकाहारी पाहुण्यांना सांगणं आपलं काम आहे. आयसिंगग्लास हा पारंपरिक पदार्थ तर माशाच्या फुग्यापासून होतो. शाकाहारी पर्याय दोन. वर्ट उकळताना शेवटच्या दहा मिनिटांत समुद्रशेवाळाची गोळी टाका, ती प्रथिनं आधीच खाली बसवते. नंतरसाठी सिलिकाचं द्रावण मिळतं. आणि तिसरं, ज्याला पैसे लागत नाहीत: आणखी दोन आठवडे थंडीत ठेवा.

## वरून घ्या, खालून नको

पाणी नेहमी वरून निवळत येतं. म्हणून आपण हंड्यातलं वरचं पाणी अलगद निथरून घेतो. केगची लांब नळी मात्र तळातून ओढते, जिथे साका बसलेला असतो. तिच्या जागी तरंगती नळी बसवा: मऊ सिलिकॉनची नळी आणि टोकाला स्टीलचा पोकळ गोळा. ती वरची नितळ बिअर आधी घेते, आणि साक्याजवळ शेवटच्या ग्लासांतच पोचते. निवळण्यासाठी एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर मी हीच सांगेन. साधी नळीच वापरायची असेल तर पहिले एक-दोन ग्लास टाकून द्या आणि त्यानंतर केग जागचा हलवू नका.

मित्राकडे न्यायचा असेल तर दुसऱ्या केगमध्ये बदला, कारण गाडीत साका ढवळतो. त्या केगमधली हवा काढायलाही तोच फुकटचा गॅस पुरतो. दुसरा केग जंतुनाशकाच्या पाण्याने काठोकाठ भरा, आंबणाऱ्या केगचा गॅस त्याच्या गॅसच्या तोंडाला जोडा, सगळं पाणी लांब नळीने बाहेर ढकललं जाऊ द्या. आत उरतो निव्वळ गॅस. बिअर बदलताना दोन्ही केगमधला दाब सारखा करून घ्या, नाहीतर नळीत फेसच फेस होतो.

## सायडरचं वेगळं काय?

अमेरिकेत नुसतं ‘सायडर’ म्हटलं तर बहुधा न गाळलेला सफरचंदाचा रस मिळतो. आपण बोलतोय ते आंबवलेल्या, तिथे ‘हार्ड’ म्हणतात त्या सायडरबद्दल. रस घेताना बाटलीवरची यादी वाचा. पोटॅशियम सॉर्बेट किंवा सोडियम बेन्झोएट असेल तर यीस्ट वाढणार नाही.

फेस फार येत नाही, म्हणून १७ लिटर भरता येतो. पण सफरचंदाच्या रसात यीस्टला लागणारा नायट्रोजन कमी असतो. उपाशी यीस्ट सडक्या अंड्यासारखा वास सोडतं. पाकिटावरच्या मात्रेने यीस्टचं खाद्य घाला. आणि इथेच बिअरपेक्षा वेगळं वागायचं: पहिला आठवडा शिट्टी जवळजवळ मोकळी ठेवा. वाहता गॅस तो वास बाहेर नेतो. सुरुवातीपासून दाब धरला तर वास आतच कोंडतो. आकडा १.००५ वर आला की मगच आवळा. सायडर १.००० पर्यंत, कधी त्याच्याही खाली उतरते, त्यामुळे तेवढी साखर फसफसायला पुरते.

सायडरचा गढूळपणा बहुधा पेक्टिनचा, म्हणजे जॅम घट्ट करणाऱ्या पदार्थाचा. थोड्या सायडरमध्ये तिप्पट-चौपट स्पिरिट मिसळा. जेलीसारख्या गाठी दिसल्या तर पेक्टिन आहे (हाही नमुना फेकायचा). जिलेटिन इथे हरतं. पेक्टिन तोडणारं एन्झाइम यीस्टच्या आधी बारा तास रसात घालावं. मद्यार्क तयार झाल्यावर ते मंदावतं आणि मात्रा वाढवावी लागते.

पूर्ण आंबलेली सायडर अगदी कोरडी लागते. गोडवा हवा तर थंड केगमध्ये ताजा रस घाला आणि केग ४ अंशांच्या वर येऊ देऊ नका. बाहेर राहिला तर ती साखर पुन्हा आंबेल.

## विषारी दारूसारखं काही होईल का?

आपल्याकडे हा प्रश्न पहिला येतो आणि यायलाच हवा. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं दगावली, ती दारूत मिसळलेल्या मिथेनॉलमुळे. बिअर आंबताना मिथेनॉल नगण्य होतं. सायडरमध्ये पेक्टिनमुळे थोडं होतं, पण अपाय होण्याच्या पातळीपेक्षा पुष्कळ कमी. घरी ऊर्ध्वपातन (दारू गाळणं) मात्र करू नये. ते अमेरिका-इंग्लंडमध्येही परवान्याशिवाय बेकायदेशीर आहे.

या कामातला खरा वायू-धोका कार्बन डायऑक्साइडचा. तो हवेपेक्षा जड असतो आणि तळघरात, बंद खोलीत खाली साचतो. सिलिंडर असलेल्या खोलीला हवा खेळती हवी.

## तळाच्या यीस्टचं काय करायचं?

त्याच केगमधून प्यायचं असेल तर थंडीत महिना-दीड महिना साका तळाशी राहिला तरी बिअर बिघडत नाही. त्याहून जास्त ठेवायची असेल तर बदला. केग रिकामा झाला की सुरक्षा झडप ओढा, फुसफुस पूर्ण थांबेपर्यंत धरा आणि मगच झाकणाला हात लावा. तळाचं घट्टसर यीस्ट दोन-चार दिवसांत वापरायचं असेल तर केग न धुता त्यावर पुढचा वर्ट ओतता येतो. फक्त हलक्या बिअरनंतर जड करा, उलट नको. आणि हॉप्सच्या बिअरनंतर त्याच साक्यावर सायडर लावू नका, कडवटपणा उतरतो.